सतरावी ताटली

१

मसाल्याच्या गोदामातल्या नमुना-खोलीचं दार मालकानं दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी उघडलं. खुर्ची आडवी झाली होती. टेबलाखाली गोदामाचा मुख्य पारखी पडला होता, आणि टाचा घासून घासून फरशीवर दोन काळे पट्टे उमटले होते. पायात रबरी चपला होत्या, कारण बूट त्यानं सकाळीच नवे तळ लावायला दिले होते.

वय एकसष्ट. त्याला सगळे ‘नाक’ म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडत असे. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यानं एकदा ओळीनं एकवीस गोण्या नुसत्या वासावर ओळखल्या होत्या. गोदामात येणारा प्रत्येक नमुना त्याच्या नाकाखालून जाई आणि मगच माल बाजारात जाई.

इन्स्पेक्टरबाई साडेपाचला पोचल्या. त्यांना तीन दिवसांची कडक सर्दी होती. रुमाल हातात धरूनच त्यांनी खोली पाहिली.

उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल. टेबलावर पांढऱ्या इनॅमलच्या ताटल्या ओळीत मांडलेल्या. प्रत्येक ताटलीत एका गोणीतला मूठभर नमुना, पुढे क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला. कोपऱ्यात गॅसची शेगडी, तिच्यावर छोटं पातेलं, तळाशी तपकिरी तुकडे. शेगडीवर भिंतीला गॅसगळती कळवणारं यंत्र, अगदी नवं. टेबलाच्या कडेला दोन कप, एक रिकामा, एक अर्धा.

“काय पीत होते?”

“चक्रीफुलाचा काढा,” मालक म्हणाला. “रोज पावणेचारला. छाती भरते म्हणून घ्यायचे. त्या दिवशी चक्रीफुलाचा जो माल पहिल्या दर्जाचा ठरवला असेल, त्यातलंच उकळायचे. ‘मी जे पास करतो ते आधी मी पितो.’ गिऱ्हाइकांना आणून दाखवायचो आम्ही. पण अखंड फूल कधी घेतलं नाही हो त्यांनी. फूल विकायला, तुकडा प्यायला, असा हिशेब.”

नोंदवही उघडी होती. शेवटची ओळ सुरेख अक्षरात होती. ‘क्रमांक सतरा. तुकडा. कोरडा. रंग तांबूस, एकसारखा. दर्जा पहिला.’ खाली सही.

बाईंनी ताटल्या मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. सतराव्या ताटलीची कड निळी होती आणि तुकडा फक्त तिच्यातच होता, बाकी सगळ्या निव्वळ पांढऱ्या.

“आज गोण्या किती आल्या?”

मालकानं आवक रजिस्टर पाहिलं आणि पान उलटून परत पाहिलं.

“सोळा,” तो म्हणाला.

२

मालकाला प्रकरण लवकर मिटायला हवं होतं, आणि ते तो लपवतही नव्हता.

“मॅडम, हृदय कमजोर होतं त्यांचं. डॉक्टर आहेत बाहेर, तेही तेच म्हणताहेत. वयस्कर माणूस, एकटा बसलेला, झटका आला. आता ताटली सोळावी का सतरावी, त्यानं काय फरक पडतो?”

“तुमचं त्यांच्याशी पटायचं?”

“वीस वर्षं पटलं. यंदा वास ओळखणारं मशीन घेऊ म्हटलं, तर आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पण म्हणून कुणी माणूस मारतं का?”

“मारतात,” बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

प्रयोगशाळेचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तिथल्या बाईंनी फोनवर शांतपणे समजावलं. चक्रीफुलाच्या जातीचं दुसरं एक झाड आहे. त्याचं फळ दिसायला चक्रीफुलाची सख्खी बहीण, पण विषारी. अखंड असलं तर सरावलेल्या डोळ्याला ओळखू येतं, कारण ते लहान असतं आणि टोकं जास्त वळलेली असतात. मोडून तुकडे झाले की डोळ्याला काही सांगता येत नाही. पोटात गेलं की आकडी येते. धडधाकट माणूस कदाचित वाचला असता. कमजोर हृदयाचा, दीड कप कडक काढा प्यायलेला माणूस वाचला नाही.

“मग ओळखायचं कसं?”

“वासावर. खरं चक्रीफूल गोड वास देतं, बडीशेपेसारखा. हे कापराच्या अंगानं जातं. लहान पोराच्यासुद्धा लक्षात येईल. तुमच्या त्या ताटलीतला तुकडाही तोच आहे, पातेल्यातलाही तोच. इन्स्पेक्टर, ज्याला नाक आहे तो हे पिणार नाही.”

बाई पुन्हा गोदामात गेल्या. नमुना-खोलीकडे जायची वाट निवडणीच्या दालनातून होती. नऊ बायका पाटांवर बसून मिरी निवडत होत्या. काड्या आणि खडे टाकायला प्रत्येकीच्या पुढ्यात निळ्या कडेची ताटली. शेवटच्या जागी बसलेली, सगळ्यांत वयस्कर बाई मात्र काड्या डब्याच्या झाकणात टाकत होती. सगळ्या तिला मावशी म्हणत.

“बसा घटकाभर, बाई,” तिनं मान वर न करता सांगितलं. “सर्दी फार दिसते. गरम पाणी देऊ का?”

“नुसतं पाणी? मसाल्याच्या गोदामात बसून काढा नाही विचारत?”

शेजारच्या दोघी हसल्या. मावशी हसली नाही.

“काढा मी आता कुणाला देत नाही,” ती म्हणाली.

३

सहायक पारखी बाई पस्तिशीची होती आणि तिला सगळे ‘धाकटं नाक’ म्हणत. उजवा गाल सुजला होता. घटनेच्या दिवशी ती रजेवर होती, दाढ काढायला गेली होती. दंतवैद्यानं सांगितलेल्या वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

“आमच्याकडे त्या फळाला सावत्र म्हणतात,” ती म्हणाली. “पंधरा वर्षांत मी दोनदा पाहिलं असेल.”

“आणि त्यांनी ते पहिल्या दर्जाचं ठरवलं. वर उकळून प्यायले.”

तिनं गालावर हात ठेवला.

“पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली. त्यांनी जागा सोडली असती तर ती कुणाला मिळाली असती?”

“मला. आणि हे सगळ्यांना माहितीये, म्हणून मी लपवत नाही. पण मॅडम, त्यांच्या जागेसाठी त्यांना मारायची मला गरज नव्हती.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. दाढ दुखतेय. उद्या बोलू का?”

बाईंनी तिला जाऊ दिलं आणि जुन्या नोंदवह्या मागवून घेतल्या. टेबलाशी बसून त्या एक एक वही वाचत गेल्या. पारख्याचं अक्षर शेवटपर्यंत सारखं होतं. मजकूर मात्र तसा नव्हता. पाच वर्षांपूर्वी तो लिहीत असे, ‘गोडसर, मागाहून लवंगेची पुसट झाक, पावसात भिजलेल्या लाकडाचा किंचित वास, आठ दिवस उन्हात ठेवून मग विकावा.’ कुणाला पत्र लिहावं तसं. साधारण अडीच वर्षांपूर्वीपासून नोंदी आखडत गेल्या होत्या. कोरडा. तांबूस. एकसारखा.

वाचलेल्या ओळी बाईंनी कागदावर उतरवल्या. त्यांत काहीतरी कमी होतं. काय ते सर्दीनं जड झालेल्या डोक्यात येईना.

४

पारख्याची मुलगी शाळेत शिकवत असे. वडिलांचं घर दाखवायला ती रजा टाकून आली होती. डोळे कोरडे, आवाज वर्गात बोलतात तसा.

“बाबांचे शत्रू? असतील की. माज होताच त्यांना. कुणाच्या घरी जेवायला गेले तर ताट पुढं यायच्या आत सांगायचे, तेल जुनं आहे. आईनं या गोष्टीसाठी त्यांच्याबरोबर बाहेर जेवायला जाणंच सोडलं होतं.”

“अलीकडेही असंच?”

“नाही. अलीकडे नाही. म्हातारपणी माणूस निवळतो, तसे निवळले असं वाटायचं मला.”

स्वयंपाकघर चकचकीत होतं. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख. दूध, दही, उरलेला भात, चिरलेला कांदा. मसाल्यांच्या बरण्यांवर नावं, ठळक अक्षरांत. इथेही शेगडीवर गॅसगळतीचं यंत्र होतं.

“पारख्याला दालचिनीच्या बरणीवर दालचिनी असं लिहावं लागतं?”

“मीही हसले होते. म्हणाले, शिस्त असावी.” तिनं फ्रिज लावून टाकला. “तिखट फार खायला लागले होते. डोळ्यांत पाणी येईल इतकं. आणि एकदा मी आले तेव्हा दूध करपून घरभर धूर झाला होता, हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तेव्हा उठले. विसरलो म्हणाले.”

“रविवारचा काही बेत होता त्यांचा?”

“माझ्याकडे येणार होते. नातीला पोहायला न्यायचं ठरलं होतं. तुम्हाला जे विचारायचंय ते कळलं मला. नाही, त्यांनी स्वतःहून काही केलेलं नाही. माझे बाबा स्वतःवर फार खूश असलेले गृहस्थ होते.”

दारापर्यंत पोचवायला आली तेव्हा ती म्हणाली, “मला फक्त एक सांगा. ज्यानं केलं, त्याला माहीत होतं का, की ते ताटलीतलं पितील?”

“सगळ्या गोदामाला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

५

इन्स्पेक्टरबाई घरी जेवायला गेल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांच्यापुढे वाफाळता रस्सा ठेवला.

“पी. चक्रीफूल घातलंय, आलं घातलंय, मिरी घातलीय. सर्दीच्या बापालाही जावं लागेल.”

बाईंनी वाटी संपवली.

“वास आला का?”

“नाही हो आई. काहीच येत नाही.”

“चव?”

“गरम आणि तिखट. एवढंच कळतं.”

“मग चक्रीफूल नव्हतंच,” सासूबाई समाधानानं म्हणाल्या. “संपलंय कालच. तुझ्या गोदामाच्या भानगडी ऐकून विकतही आणवेना. तुला म्हटलं चक्रीफूल, तू प्यायलीस चक्रीफूल म्हणून. उद्या घासलेटात फोडणी दिली तरी डोळे मिटून पिशील.”

बाईंनी वाटी खाली ठेवली. तारखा घातलेले डबे. नावं घातलेल्या बरण्या. दोन यंत्रं. करपलेलं दूध. आणि नोंदवहीत जे कमी होतं ते. अडीच वर्षं त्या माणसानं फक्त डोळ्याला दिसतं तेवढंच लिहिलं होतं.

चार वाजता धाकटं नाक पुन्हा समोर बसलं होतं.

“त्यांना वास येत नव्हता,” बाई म्हणाल्या. “किती दिवस?”

तिनं रुमालाची घडी घातली.

“अडीच वर्षं. तापातून उठले आणि नाक गेलं. येईल म्हणाले, आलंच नाही. मग आमचं ठरलं. मी आधी हुंगायचं, सहायक म्हणून. माल चांगला असेल तर ताटली उजवीकडे सरकवायची, नसेल तर डावीकडे. मग ते हुंगायचे, डोळे मिटून, पहिल्यासारखेच. लोक बघत राहायचे.” ती ओशाळून हसली. “म्हणून म्हटलं, जागेसाठी मारायची गरज नव्हती. तोंड उघडलं असतं तरी ते दुसऱ्या दिवशी घरी गेले असते.”

“का नाही उघडलंत?”

“त्यांनीच शिकवलं मला सगळं.”

“हे आणखी कुणाला माहीत होतं?”

“कुणालाच नाही.”

“मग नीट ऐका. नाक असलेला पारखी ती ताटली फेकून देणार. त्यांना वास येत नाही हे ज्याला ठाऊक, त्यालाच ही युक्ती सुचणार. आणि ठाऊक फक्त तुम्हाला. ताटली सकाळीही ठेवता येते, दाढ दुपारीही काढता येते.”

बाईंनी नाक शिंकरलं आणि रुमाल खिशात घातला.

“आता दुसरी बाजू. तुम्हाला पक्कं माहीत असतं, तर तुम्ही ताटली कशाला मांडली असती? क्रमांकाचा बिल्ला लावून, उजेडात, सोळा ताटल्यांच्या पुढे? पातेल्यात चार तुकडे टाकले असते की काम झालं. ताटली मांडणाऱ्याला माहीत नव्हतं. त्याला माहीत करून घ्यायचं होतं. ती ताटली म्हणजे प्रश्न होता.” त्या पुढे झुकल्या. “अडीच वर्षांत तुम्ही रजेवर किती वेळा गेलात?”

“दोनदा. परवा. आणि दोन वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा. चार दिवस.”

“त्या चार दिवसांत त्यांनी एकट्यानं काय काय पास केलं?”

तिला उत्तर तोंडपाठ असावं, कारण तिनं ते न अडखळता सांगितलं. तुकड्याच्या अकरा गोण्या. ती परत आल्यावर तिनं हुंगल्या. अकरावी पूर्ण सावत्र होती. तिनं त्यांना सांगितलं, त्यांनी मालकाला सांगितलं. मालकानं गोणी परसात जाळून टाकली आणि ‘ओल लागून वाया’ असा शेरा मारला. नाक गेल्याचं मालकाला कळू दिलं नाही. नजरचूक म्हणून सांगितलं.

“गोणी सीलबंद होती?”

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

“निवडणाऱ्या बायका सांगत होत्या, शनिवारी त्यांना मूठमूठ तुकडा वाटतात ना? घरी स्वयंपाकाला?”

“त्या शनिवारीही वाटला होता,” ती म्हणाली. “त्याच गोणीतला. मी म्हटलं, बायकांना सांगू या. ते म्हणाले, भातात नाहीतर रश्श्यात एखादा तुकडा घालतात, काही होत नाही त्यानं.”

“आणि झालं?”

“एकीच्या घरी बाळ होतं,” धाकटं नाक म्हणालं आणि तोंड वळवून बसलं.

६

निवडणीच्या दालनात सुटीची वेळ झाली होती. आठ बायका आपापल्या निळ्या कडेच्या ताटल्या धुऊन फळीवर पालथ्या घालत होत्या. मावशी डब्याचं झाकण पुसत होती.

बाई तिच्यासमोरच्या रिकाम्या पाटावर बसल्या. बाकीच्या निघून जाईपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

“तुमची ताटली माझ्याकडे आहे, मावशी.”

“ठाऊक आहे.”

“दुसरी का नाही घेतलीत? भांडारात ढीग आहे. त्या झाकणामुळेच तुम्ही माझ्या डोळ्यांत भरलात.”

“भरायलाच हवं होतं,” मावशी म्हणाली. “दोन दिवस लावलेत तुम्ही. मला वाटलं, पहिल्याच दिवशी याल.”

तिनं झाकण बाजूला ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. तीस वर्षं मिरी आणि लवंग निवडून बोटांची टोकं काळी पडली होती.

“चार महिन्यांचा होता माझा नातू. पोट दुखून रडायचा. मी इथं बोलताना पारखी साहेबांनी ऐकलं. शनिवारी वाटप झालं, तर माझी पुडी त्यांनी स्वतः बांधून दिली. म्हणाले, एक पाकळी उकळून पाणी पाज, पोट मोकळं होईल. कौतुक वाटलं मला. मी तशीच पुडी घेऊन मुलीच्या सासरी गेले.”

“तुम्ही हुंगून नाही पाहिलीत?”

“तो आठवडा मिरीचा होता, बाई. मिरीच्या आठवड्यात शनिवारपर्यंत आमच्या नाकाला दुसरं काही कळत नाही. आणि साहेबांनी दिलेलं मी हुंगायचं? एक पाकळी. माझ्या मुलीनं मला मोजून दाखवली होती. पहाटे आकड्या सुरू झाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. तिथल्या कागदावर लिहिलं, आईनं काढा जास्त दिला. सासूनं तो कागद चारचौघांत वाचून दाखवला. आठ दिवसांत तिला माझ्या दारात आणून सोडलं. नवरा गाडीतून उतरलासुद्धा नाही.”

“पुडी?”

“तिच्या सामानात परत आली. महिन्यानं उघडली. तेव्हा माझं नाक मोकळं होतं.”

पुढचं ती जरा हळू बोलली.

“पुडी घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, हे बघा जरा. त्यांनी उचलली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. म्हणाले, पहिल्या दर्जाचा माल आहे. तुझ्या मुलीच्या हातून प्रमाण चुकलं असेल. घरी आले तर ती विचारतेय, काय म्हणाले. मी सांगितलं, काही नाही म्हणाले.

“तेव्हापासून मला एकच कळेना. या माणसाला कळलं आणि तो तोंडावर खोटं बोलला, का याला कळतच नाही? मग लक्षात आलं, ती गोणी आली तेव्हा धाकटं नाक रजेवर होतं. तेव्हापासून मी बघत बसले. प्रत्येक ताटली आधी तिच्या नाकाखालून जाते. ती एक दिवस रजा घेईल म्हणून मी दोन वर्षं वाट पाहिली. दुपारी साहेब हात धुवायला गेले तेव्हा ताटली ठेवली, बिल्ला ठेवला आणि इथं येऊन बसले. त्यांनी नाक मुरडून ती बाजूला सारली असती, तर ते खोटारडे होते.”

“आणि मग?”

“मग काय केलं असतं ते मलाही माहीत नाही. पण त्यांनी पास केली. पास केली आणि प्यायले. मी त्यांना पाजलं नाही. त्यांनी मला जे पहिल्या दर्जाचं म्हणून दिलं, तेच मी त्यांच्या पुढ्यात परत ठेवलं.”

“ते पिणार हे तुम्हाला माहीत होतं, मावशी.”

“होतं,” ती म्हणाली. “मी नाही कुठं म्हणते? दाराशी उभं राहून दोन शब्द बोलले असते तर वाचले असते. नाही बोलले.”

दालनात मिरीचा खकाणा अजून तरंगत होता. बाईंना तो दिसत होता, वास येत नव्हता.

“तुम्हाला एक सांगायला हवं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पुडी घेऊन गेलात तेव्हा त्यांना ती गोणी खराब होती हे कळलेलं होतं. वास येत नव्हता, पण धाकट्या नाकानं महिनाभर आधीच सांगितलं होतं. मालकालाही माहीत होतं. गोणी जाळली त्यांनी.”

मावशीनं काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं.

“म्हणजे दोन्ही,” ती म्हणाली.

“दोन्ही.”

“बरं झालं सांगितलंत. त्यांना ठाऊकच नव्हतं असं वाटून दोन दिवस मनात थोडं खुपत होतं.”

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक पोलीस ठाण्यात आला. बरोबर डॉक्टर होते आणि डॉक्टरांच्या हातात कागद होता.

“हृदयविकार,” मालक म्हणाला. “चुकून एखादा खराब तुकडा आला असेल, पण मरण हृदयानं. मॅडम, त्या म्हातारीलाही यात सुटका आहे. कुणाचं वाईट होत नाही. तुम्हीच विचार करा.”

बाईंनी विचार केला. कागद फाइलवर ठेवला, मावशीला आत बोलावलं आणि मालकासमोरच तिला सगळं सांगितलं. तो कागद स्वीकारला तर ती संध्याकाळी घरी जाईल.

“आणि त्यात माझ्या मुलीचं काय लिहिलंय?”

“काही नाही. तिचा या कागदाशी संबंध येत नाही.”

“मग तो मला नको.” मावशी मालकाकडे वळली. तीस वर्षांत ती त्याच्याकडे मान वर करून बोलली नव्हती. “मालक, तुम्हाला वाटतं मी ताटली विसरले तिथं? बिल्ला विसरले? उरलेली पुडी घरी डब्यात ठेवलीये, वर तारीख घालून, ती पण विसरले? मला खुनी ठरवायचं तर ह्यांना लिहावं लागेल विष कुठून आलं. कुठल्या गोणीतून, ती कुणी पास केली, कुणी जाळली, कुणी शेरा मारला. ते मी सांगून कुणी लिहून घेत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ह्याच ठाण्यात आले होते, तेव्हा म्हणाले, घरी जा. आता घ्या म्हणावं लिहून.”

मालक उठला आणि परत बसला. डॉक्टरांनी हात पुढे करून आपला कागद परत मागितला. बाईंनी तो दिला नाही.

“राहू दे फाइलला,” त्या म्हणाल्या. “कोण घेऊन आलं होतं तेही लिहायचंय.”

जबाब टाइप व्हायला तीन तास लागले. पुडी आली, प्रयोगशाळेची चिठ्ठी आली, धाकटं नाक आलं आणि न सांगता शेवटच्या बाकावर बसून राहिलं. तिचाही जबाब व्हायचा होता आणि त्यात तिला स्वतःविरुद्ध बोलायचं होतं. मधेच उठून ती मावशीपाशी आली.

“मी तेव्हा सांगायला हवं होतं, मावशी.”

“हवं होतं,” मावशी म्हणाली. “तुझ्यासाठी मी ताटली नाही मांडली, कारण तुला वास येतो. आयुष्यभर येत राहो.”

सहीची वेळ आली तेव्हा मावशीनं पेन घेतलं नाही.

“वाचून दाखवू?” बाईंनी विचारलं.

“मला येतं वाचता. पण तिनं वाचायला हवं.”

मुलगी सकाळपासून बाहेर बसली होती. सव्वीस वर्षांची, खांदे आत ओढलेले, दोन वर्षांत कुणी काही विचारलं की ती एवढंच म्हणे, एकच पाकळी होती. तिनं कागद घेतले आणि खालच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. गोदाम. तुकडा. अकरावी गोणी. शनिवार. तिचा आवाज कुठे अडला नाही. चौथ्या पानावर ती थांबली, ती ओळ मनात वाचली आणि मग मोठ्यानं वाचली.

“‘बालकाच्या आईनं काढ्यात एकच पाकळी घातली होती. मृत्यू विषारी मालामुळे झाला. आईकडून कोणतीही चूक झालेली नाही.’”

“पुन्हा वाच,” मावशी म्हणाली.

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी टाइप करणाऱ्यानंही हात थांबवले होते.

“आता पुढं.”

मुलीनं कागद टेबलावर ठेवले. “पुढं नको, आई.”

“का?”

“पुढं तुझं नाव आहे.”

मावशीनं टेबलावरचं पेन उचललं आणि टोपण काढलं.

“मग वाच की,” ती म्हणाली. “तेही खरंच आहे.”